साताऱ्याचा मुक्काम

भाद्रपदात कासच्या पठारावरील फुले पाहावयास येणारी बहुतेक मंडळी सातारा शहर मागे टाकून थेट यवतेश्वराचा घाट चढतात आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत फिरतात. परंतु सह्याद्रीच्या ज्या कातळाने आणि पावसाने ते पठार घडविले, त्यांनीच या राजधानीचेही भाग्य घडविले, हे ज्यास प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्याने येथे निदान दोन दिवस मुक्काम करावा.

आरंभ अजिंक्यताऱ्यापासून करावा. कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर १७०० साली औरंगजेबाने हा किल्ला घेऊन त्यास आझमतारा हे नाव दिले. पुढे मराठ्यांनी तो परत जिंकला, १७०८ साली साताऱ्यास शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला, आणि किल्ल्याच्या पायथ्याशी शाहूनगर वसले. तटावरून खाली दिसते ते शहर त्याच वसाहतीचा विस्तार होय.

साताऱ्याहून पुण्याच्या दिशेस लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे. शाहूकाळात, शके १६४१ ते १६४६ या अवधीत, विरूबाई भोसले यांनी ती बांधविली. वरून शिवलिंगासारखी दिसणारी ही अष्टकोनी वास्तू आमराईच्या शिंपणासाठी निर्माण झाली. पण केवळ मोटा चालविण्याची सोय करून तिचे कारागीर थांबले नाहीत. रुंद पायऱ्या उतरून कमानीखालून आत गेले की विहिरीच्या पोटातच कोरीव स्तंभांचा महाल लागतो. शेतीच्या पाण्याला असा राजवाड्याचा सन्मान देणारी वास्तू मला दुसरीकडे दिसलेली नाही. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरील माहुलीची देवालये सकाळच्या उन्हात पाहावीत. पेशवेकालीन न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचे हे गाव.

मग कास. सुमारे पंचवीस किलोमीटरवरील या पठारावर जांभ्याच्या सड्यास मातीचा थर इतका पातळ की मोठा वृक्ष मूळ धरू शकत नाही. पावसाळ्यात मात्र पाणी खडकावरच साचून राहते, आणि त्या ओलीवर तेरडा, सोनकी, गेंद यांचे ताटवे पसरतात. वाकून पाहिल्यास ‘सीतेची आसवे’ ही बोटभर उंचीची निळी-जांभळी वनस्पती दिसते: निकस जमिनीत न मिळणारे पोषण ती आपल्या सूक्ष्म पिशव्यांत जलजीव पकडून मिळविते. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदाच फुलते. २०१२ साली पश्चिम घाटासमवेत कासलाही जागतिक वारशाचा दर्जा लाभला.

एका पावलाखाली अशी शेकडो रोपे चिरडली जातात. तेव्हा वाचकहो, शक्यतो रविवार टाळून जा, आधी प्रवेशाची नोंदणी करा, आणि छायाचित्राच्या मोहानेसुद्धा आखलेली वाट सोडू नका.