देवासची तळी, पेरणीची सरी

1990 मध्ये मध्य प्रदेशातील देवासला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. 2006 पासून तिथल्या शेतकऱ्यांनी आपल्याच जमिनीचा तुकडा देऊन ‘रेवासागर’ शेततळी खोदली.

यंत्रही पाणी राखू शकते. धार-देवासच्या काळ्या मातीत बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) पेरणी यंत्र सोयाबीन रुंद वरंब्यावर पेरते. अतिवृष्टीत जादा पाणी सरीतून निघून जाते. पावसाने ताण दिला, तर तीच सरी ओल धरते. लहान शेतकऱ्याला मात्र हे यंत्र भाड्यानेच परवडते.

देवासला ट्रॅक्टर बनतात, धारच्या पीथमपुरात मालमोटारी. 2013 च्या कंपनी कायद्याने अशा मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्याला द्यावे लागतात. तो पैसा तळी आणि भाड्याने यंत्रे देणाऱ्या अवजार केंद्रांपर्यंत पोहोचायलाच हवा.