कोवलमच्या लाटा आणि किनाऱ्याचे अर्थकारण

भारताच्या किनाऱ्यावर कोवलम नावाची दोन प्रसिद्ध गावे आहेत. एक केरळमध्ये, तिरुवनंतपुरमजवळ. दुसरे तामिळनाडूत, चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर, चेंगलपट्टू जिल्ह्यात. २०२१ मध्ये 'ब्लू फ्लॅग' मानांकन मिळाले ते या दुसऱ्या कोवलमला. विद्यार्थी हमखास पहिल्याचे नाव लिहून येतात, म्हणून आरंभीच हा खुलासा. प्रस्तुत लेख तामिळनाडूतील कोवलमविषयी आहे. हे मूळचे मच्छीमारांचे गाव. गेल्या सुमारे पंधरा वर्षांत ते देशातील सर्फिंगच्या महत्त्वाच्या केंद्रांपैकी एक म्हणून ओळखले जाऊ लागले आहे. तेथे जाणाऱ्या पर्यटकाने आनंद कसा घ्यावा आणि त्याच्या आनंदाचा गावाच्या उपजीविकेशी काय संबंध आहे, हे दोन्ही प्रश्न एकत्रच पाहणे इष्ट ठरेल.

चेन्नईहून पूर्व किनारा मार्गाने मामल्लपुरमकडे जाताना मुट्टुकाडूची खाडी ओलांडली की कोवलम येते. युरोपीय व्यापाऱ्यांच्या नकाशांवर त्याचे नाव 'कोव्हलाँग' असे आढळते. १८ व्या शतकाच्या पूर्वार्धात ऑस्टेंड कंपनीची वखार येथे होती. येथील किल्ला १७५२ मध्ये रॉबर्ट क्लाईव्हने फ्रेंचांकडून घेतला. त्या किल्ल्याच्या जागी आता तारांकित हॉटेल उभे आहे. गावात दर्गा आहे, जुने कॅथलिक चर्च आहे आणि किनाऱ्याला लागून मच्छीमारांची वस्ती आहे. आणखी २० किलोमीटर गेल्यास मामल्लपुरमची मंदिरे लागतात. १९८४ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या मंदिरांसाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा.

लाट येते कोठून?

सर्फिंगसाठी लागणारी लाट स्थानिक वाऱ्याने उठलेली नसते. दक्षिण हिंदी महासागरात, हजारो किलोमीटर अंतरावर, वादळी वारे पाण्याला जी ऊर्जा देतात ती दीर्घ तरंगांच्या रूपाने उत्तरेकडे प्रवास करते. किनाऱ्याजवळ पाणी उथळ होताच तरंगाचा तळ मंदावतो, माथा पुढे झुकतो आणि लाट फुटते. कोवलम येथे भूमीचे एक टोक समुद्रात पुढे आलेले असल्याने लाट एकदम न फुटता एका बाजूने क्रमाने फुटत जाते. फळीवर उभे राहून लाटेबरोबर सरकत जाण्यास अशीच लाट लागते.

मे ते सप्टेंबर हे महिने सरावलेल्या सर्फरांचे. नैर्ऋत्य मोसमी वारा पूर्व किनाऱ्यावर जमिनीकडून समुद्राकडे वाहतो व सकाळी लाटेचा माथा नीटस ठेवतो. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की पाणी विस्कटते. म्हणून येथे पहाटे उठणाऱ्याचेच साधते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ असल्याने नवख्यांनी तो टाळावा. जानेवारी ते मार्च समुद्र सौम्य असतो. प्रथमच फळीवर पोटावर झोपणाऱ्यांसाठी हाच हंगाम योग्य. याच काळात ऑलिव्ह रिडले कासवे रात्री अंडी घालण्यास किनाऱ्यावर येतात. तेव्हा वाळूवर प्रखर दिवे लावणे वा वाहने नेणे अयोग्य होय. २०२५ च्या जानेवारीत चेन्नई परिसराच्या किनाऱ्यावर शेकडो मृत कासवे वाहून आली होती. यांत्रिक नौकांच्या जाळ्यांचा प्रश्न तेव्हा नव्याने चर्चेत आला.

सुरक्षिततेबाबत एकच गोष्ट विस्ताराने सांगतो. फुटलेल्या लाटांचे पाणी किनाऱ्यावरून परत जाताना एखाद्या अरुंद वाटेने वेगाने खोल समुद्राकडे ओढले जाते. यास 'रिप करंट' म्हणतात. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला पट्टा शांत दिसतो, आणि अजाण माणूस पोहण्यासाठी नेमका तोच निवडतो. प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावे आणि मगच परतावे. लाटांचा अंदाज हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच 'इन्कॉइस', प्रसिद्ध करते. दूरच्या तरंगांमुळे निरभ्र दिवशीही समुद्र अचानक किनाऱ्यावर चढतो, त्याला केरळचे मच्छीमार 'कल्लक्कडल', म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, असे म्हणतात. या लोकशब्दास २०१२ मध्ये युनेस्कोने शास्त्रीय संज्ञा म्हणून मान्यता दिली.

पैसा गावात किती थांबतो?

कोवलमचे वैशिष्ट्य असे की येथील सर्फिंग मच्छीमारांच्या मुलांमधून वाढले. लाकडाचे ओंडके दोराने बांधून केलेल्या 'कट्टुमरम'वरून लाटा पार करणाऱ्या समाजाला फळीवर तोल सांभाळणे नवखे नव्हते. (इंग्रजीतील 'कॅटामरान' हा शब्द याच तामिळ शब्दापासून आला.) मूर्ती मेगवन या मच्छीमार तरुणाने २०१२ च्या सुमारास येथे सर्फिंगची शाळा सुरू केली. पुढील वर्षापासून सर्फिंग महोत्सवही भरू लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या मामल्लपुरम येथे आशियाई सर्फिंग स्पर्धा झाली, तेव्हा रमेश बुदिहाळ याने कांस्यपदक मिळवले. आशियाई स्पर्धेतील भारताचे हे पहिले वैयक्तिक पदक.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यातील कळीचा प्रश्न 'गळती'चा आहे. पर्यटकाने दिलेल्या रकमेतील जो भाग बाहेरच्या मालकाकडे, बाहेरून आणलेल्या मालाकडे किंवा दूरस्थ आरक्षण कंपनीकडे जातो, ती गळती. समजा, गावात आलेल्या १,००० रुपयांपैकी प्रत्येक हात ६० टक्के रक्कम पुन्हा गावातच खर्च करतो. मग गुणक १ ÷ (१ − ०.६) म्हणजे २.५ होतो आणि एकूण स्थानिक उत्पन्न २,५०० रुपयांपर्यंत जाते. हेच प्रमाण २० टक्के असेल तर गुणक केवळ १.२५ उरतो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, परंतु गावातील प्रशिक्षकाकडून शिकणे, मच्छीमाराच्या घरी राहणे आणि किनाऱ्यावर लिलावात आलेली मासळी गावातच शिजवून खाणे यांचा अर्थ त्यावरून उमगतो. २०१९ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेने, घराचे जोते, रचना व दर्शनी स्वरूप न बदलता, मच्छीमारांसह स्थानिक समाजांना निवासी पर्यटनाची मुभा दिली आहे. माझ्या मते या अधिसूचनेतील ही तरतूद जितकी चर्चिली जावयास हवी तितकी गेलेली नाही.

यांत्रिक नौकांना पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. सर्फिंगचा हंगाम तिच्या उत्तरार्धात सुरू होतो, त्यामुळे नौकांवर मजुरी करणाऱ्या घरांना दुसरे उत्पन्न मिळू शकते. मात्र पर्यटन हे मासेमारीचा पर्याय होय, असे समजणे घाईचे ठरेल. कोविडच्या काळात २०२० मध्ये पर्यटक थांबले; समुद्रातील मासळी मात्र होती तशीच राहिली.

वाळू कोणाची?

लाट सामाईक आहे आणि वाळूही. 'ब्लू फ्लॅग' हे डेन्मार्कस्थित पर्यावरण शिक्षण प्रतिष्ठानाचे मानांकन ३३ निकषांवर दिले जाते. पाण्याची गुणवत्ता, पर्यावरण व्यवस्थापन, माहिती व शिक्षण, तसेच सुरक्षितता व सुविधा असे त्यांचे चार गट आहेत. यामुळे किनारा स्वच्छ राहतो, जीवरक्षक मिळतात. परंतु आखून दिलेला, कुंपण घातलेला स्वच्छ पट्टा आणि होड्या ओढण्याची, जाळी वाळवण्याची जागा यांत ताण निर्माण होऊ शकतो. एलिनॉर ऑस्ट्रोम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते अशाच प्रश्नांवरील संशोधनासाठी. सामाईक संसाधनाचा विनाश अटळ नाही, वापरणारे समूह स्वतःचे नियम करून ते टिकवू शकतात, असे त्यांनी दाखवले. पण त्यासाठी वापरणारा कोण, हे आधी मान्य व्हावे लागते.

वाळूचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे ती स्थिर नसते. पूर्व किनाऱ्यावर वर्षभराचा हिशेब केल्यास ती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. चेन्नई बंदराच्या बांधांमुळे दक्षिणेस वाळू साचून मरीना रुंद झाला आणि उत्तरेस रोयापुरमचा किनारा खचला. पुदुच्चेरीत १९८० च्या दशकातील बंदराने शहरासमोरची पुळण गिळली. २०१८ मध्ये पाण्याखाली कृत्रिम बांध घातल्यावर तिचा काही भाग परतला. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राच्या १९९० ते २०१८ या काळाच्या अभ्यासानुसार मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी ३३.६ टक्के किनाऱ्याची धूप होत आहे. तळाची वाळू हलली की लाटेचा आकार बदलतो. त्यामुळे किनाऱ्यावर कोठेही बांध घालताना त्याच्या खर्चात शेजारच्या गावाचे नुकसान धरले पाहिजे. बाह्य परिणामांचे याहून स्पष्ट उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल.

किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यांत मच्छीमार वस्त्यांबरोबर त्यांच्या सामाईक वापराच्या जागाही दाखवाव्यात, अशी तामिळनाडूतील मच्छीमार संघटनांची मागणी आहे. नकाशात मोकळी दिसणारी ही जागा पाहावयाची असल्यास सकाळी सातच्या सुमारास कोवलमच्या वाळूवर उभे राहावे. सर्फर फळ्या घेऊन बाहेर येत असतात आणि त्याच वेळी होड्या आत येतात. होडी ओढण्यास जितके हात मिळतील तितके हवे असतात. बाजूला ठेवलेल्या फळ्यांमधून वाट काढत बायका टोपल्या घेऊन लिलावाकडे जातात.