व्रतस्थांचे हक्क : स्थानकावर आणि न्यायालयात

झाशीच्या इलाइट चौराह्यापासून रेल्वे स्थानक फार दूर नाही. १९ मार्च २०२१ रोजी याच स्थानकावर उत्कल एक्स्प्रेसमधून दोन कॅथलिक धर्मभगिनी आणि त्यांच्यासमवेतच्या दोन तरुण उमेदवार यांना उतरविण्यात आले. आरोप धर्मांतराचा होता. चौकशीत तो निराधार ठरला. केरळात विधानसभेची निवडणूक तोंडावर असल्याने प्रकरण थेट दिल्लीत पोहोचले. मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी पत्र लिहिले, गृहमंत्री अमित शहा यांनी कारवाईचे आश्वासन दिले आणि एप्रिलमध्ये दोघांना अटक झाली.

कॅथलिक वृत्तमाध्यमांनी हा विषय लावून धरला. व्रतस्थ असले तरी आम्ही नागरिक आहोत, हा त्यामागचा आधार. मात्र न्यायालयात याच वर्गाच्या वतीने वेगळाच युक्तिवाद झाला. अनुदानित शाळांतील व्रतस्थ शिक्षकांच्या वेतनातून प्राप्तिकर कापू नये, कारण दारिद्र्यव्रत घेताच त्यांचा ‘नागरी मृत्यू’ होतो, असे सांगण्यात आले. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी ९३ अपिले फेटाळली. स्थानकावर नागरिक आणि कोषागारात मृत, या दोन भूमिका एकत्र नांदणे कठीणच.

ही विसंगती मोकळेपणाने मांडायची कुठे? धर्मगुरूंचे हक्काचे व्यासपीठ म्हणजे धार्मिक नियतकालिके. वसईच्या ‘सुवार्ता’चे १९८३ ते २००७ या काळात संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या लढ्यात समाजाचा आवाज बुलंद केला. दिल्लीत कॅपुचिन धर्मगुरूंनी १९८८ मध्ये ‘इंडियन करंट्स’ सुरू केले. परंतु अशी बहुतेक नियतकालिके चर्चच्याच छत्राखाली चालतात. सरकारवर टीका करणे तेथे सोपे. बदल्या, मानधन, वार्धक्यातील तरतूद यांवर बिशपांना जाब विचारणे अवघड.

वास्तविक १९८३ च्या चर्चसंहितेतील कलम २७८ धर्मप्रांतीय धर्मगुरूंना संघटनेचा, तर कलम २८१ उचित मानधनाचा आणि आजारपण व वार्धक्यातील आधाराचा हक्क देते. त्याच संहितेचे कलम ८३२ मात्र संन्यस्तांना धर्म वा नीतीविषयक लेखन प्रसिद्ध करण्यापूर्वी वरिष्ठांची अनुमती घेण्यास सांगते. एका हाताने दिलेले दुसऱ्या हातात अडकते, ते येथे.

उत्तर प्रदेशच्या धर्मांतरविरोधी कायद्यात २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कोणाही व्यक्तीला तक्रारीची मुभा दिली आहे. अशा काळात व्रतस्थांना राज्यघटनेचा आधार अधिकच लागेल. तो मागताना आपल्या घरातील हक्कांचा हिशेबही त्यांना आपल्याच नियतकालिकांतून मांडावा लागेल. अन्यथा दिल्लीत त्यांचा आवाज निवडणुकीपुरताच ऐकला जाईल.