शाळेचे कागद (भाग ९) : एनसी कोणी काढायची?

दहावीच्या निकालाच्या टक्क्यांची चिरफाड या आठवड्यात करायची ठरली होती. ती पुढे ढकलावी लागते आहे, आणि त्याला जबाबदार आहेत मोशीचे एक वाचक. हे गृहस्थ चाकणच्या एका वेंडर कंपनीत क्वालिटी खात्यात आहेत. मुलीचा पहिलीचा प्रवेश तोंडावर आलेला. त्यांनी विचारलं आहे, "शाळेच्या गेटवर आयएसओ ९००१ चा बोर्ड आहे. आमच्या कंपनीच्या गेटवरही आहे. म्हणूनच विचारतो, विश्वास ठेवावा का?"

त्या 'म्हणूनच'मध्ये बरंच काही आलं. आयएसओ ९००१ हे व्यवस्थापनाचं मानक. कामाची पद्धत ठरलेली आहे का, नोंदी ठेवल्या जातात का, चूक सापडली तर पुढे काय करतात, एवढं ते पाहतं. तिसरीतल्या मुलीला गोष्ट वाचता येते का, हे त्यात कुठेच येत नाही. शिवाय जिनिव्हाची आयएसओ संस्था स्वतः कोणालाच प्रमाणपत्र देत नाही. ते देतात वेगवेगळ्या प्रमाणन संस्था, आणि त्यांच्यात डावं-उजवं भरपूर. दहाएक वर्षांपूर्वी आपल्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांनी लोकवर्गणी काढून हा बोर्ड मिळवला. त्या निमित्ताने भिंती बोलक्या झाल्या, नळाला पाणी आलं. हे चांगलंच झालं. पण ऑडिटर येणार म्हटल्यावर शॉप-फ्लोअरवर पिवळे पट्टे नव्याने कोण मारतं, हे चाकणकरांना सांगायला नको.

त्यांच्याच भाषेत बोलायचं तर ऑडिट तीन प्रकारचं. आपलं आपण केलेलं पहिल्या पक्षाचं, माल घेणाऱ्या कंपनीने येऊन केलेलं दुसऱ्या पक्षाचं आणि ज्याचं देणं-घेणं नाही अशा त्रयस्थाने केलेलं तिसऱ्या पक्षाचं. शाळेचा कुठलाही कागद हाती आला की तो आधी यांतल्या एका खणात टाकावा. 'शाळा सिद्धी' घ्या. २०१५ साली आलेल्या या चौकटीत ७ क्षेत्रं आणि ४६ मानकं आहेत, प्रत्येक मानकाला १ ते ३ यांपैकी एक स्तर. बाहेरच्या मूल्यांकनाची सोय त्यात आहे, पण सुरुवात स्वयंमूल्यांकनाने होते. तेव्हा माहितीपत्रकात 'स्तर ३' दिसला की पहिला प्रश्न : भरला कोणी? आरटीईच्या मान्यतेसाठीचा नमुना १ तर नावानिशी स्वयंघोषणाच.

तिसऱ्या पक्षाच्या ऑडिटचं उदाहरण इंग्लंडमध्ये सापडतं : १९९२ च्या कायद्याने तिथे शाळा तपासणारी ऑफस्टेड उभी राहिली. तिचे तपासनीस वर्गात बसतात आणि अहवाल कोणीही वाचू शकतो. तिथेही अख्ख्या शाळेला एका शब्दात तोलणारा शेरा सरकारी शाळांपुरता सप्टेंबर २०२४ पासून बंद झाला. आपल्या खासगी शाळांसाठी असा घरबसल्या वाचता येणारा त्रयस्थ अहवाल नाही. तपासणी होते, शेरे लिहिले जातात, ते फायलीत राहतात. सरकारी कार्यालयातल्या फाइलची प्रत माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागता येते. प्राथमिक शाळेसाठी अर्ज कुठे करायचा, ते मात्र पत्त्यावर ठरतं : मोशीची शाळा असेल तर महापालिकेचा शिक्षण विभाग, चाकणची असेल तर जिल्हा परिषद.

सीबीएसईच्या शाळेबाबत याहून सोपी वाट आहे, आणि प्रस्तुत लेखकाचा तो जुना छंद आहे. मंडळाच्या आदेशाने प्रत्येक शाळेला स्वतःच्या वेबसाइटवर एक सक्तीचा माहिती-तक्ता टाकावा लागतो. संलग्नतेचं पत्र, इमारतीचा आणि अग्निसुरक्षेचा दाखला, पाण्याचा व स्वच्छतेचा दाखला, फी, तीन वर्षांचे निकाल, शिक्षकसंख्या, मुलींची स्वच्छतागृहं किती, मुलांची किती, आणि सगळ्यात शेवटी शाळेच्या पाहणीच्या व्हिडिओची लिंक. हाही शाळेनेच भरलेला, म्हणजे पहिल्या पक्षाचा. पण त्यात आकडे असतात, आणि आकडे पडताळता येतात. दाखल्यांवरच्या तारखा पाहाव्यात. मुदत संपलेला अग्निसुरक्षेचा दाखला पुष्कळ बोलतो. मग तुकड्या मोजाव्यात. मंडळाचा नियम दर तुकडीमागे दीड शिक्षकाचा, तोही मुख्याध्यापक, क्रीडाशिक्षक आणि समुपदेशक सोडून.

मोशीच्या वाचकांना एवढं कळवलं, तर चौथ्या दिवशी उत्तर हजर. दुसऱ्या एका शाळेचा तक्ता त्यांनी काढला होता. तुकड्या ४२, म्हणजे शिक्षक हवेत ६३, तक्त्यात ५१. बारा कमी. गृहस्थांनी कंपनीचा एनसीचा (नॉन-कन्फर्मिटी, म्हणजे ऑडिटमध्ये सापडलेल्या त्रुटीची नोंद) फॉर्म घेतला, 'रूट कॉज' आणि 'सुधारणेची तारीख' हे रकाने कोरे ठेवले आणि मुख्याध्यापिकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. बाईंनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "तुमचा प्रवेश झालाय का अजून?"

टक्क्यांचं पुढच्या आठवड्यात, नक्की.