नानखटाई : घरचा पदार्थ, बाजाराचा हिशेब

ईद जवळ आली की वाशीम, कारंजाकडच्या भगिनी घरी मळलेले पीठ घेऊन बेकरीत जातात. पाव निघाल्यावर भट्टीची आच मंदावते, तीच नानखटाईला मानवते. आच तीव्र असेल तर ती बाहेरून करपते, आत कच्ची राहते. फारसीत 'नान' म्हणजे रोटी, पण हिच्यात खमीर नसते. मैदा, थोडे बेसन, रवा, पिठीसाखर, तूप, वेलची आणि वर बदाम. तूप-साखर चांगली फेसावी. पीठ मात्र जास्त मळू नये, नानखटाई कडक होते.

अनेक भगिनी आता ऑर्डरही घेतात, पण भाव कच्च्या वजनावर लावतात. आम्हा कापडवाल्यांना ठाऊक आहे, कोरे कापड पाण्यात आटते. तसा मालही भट्टीत घटतो, शिवाय काही फुटतो. समजा सामान, भट्टी, डबे व स्वतःची मजुरी धरून खर्च ९०० रुपये आला. कच्चे पीठ अडीच किलो, विकण्याजोगा माल सव्वादोन किलो. कच्च्या वजनाने किलोला ३६० रुपये दिसतात, प्रत्यक्षात ४०० पडतात. हा ४० रुपयांचा फरक नफा खाऊन टाकतो. म्हणून आधी तयार माल तोलावा, मग भाव सांगावा. आणि वनस्पती वापरले असेल तर साजूक तुपाचे नाव घेऊ नये; गिऱ्हाईक एकदाच फसते.