ओरिओ व हायड्रॉक्स : अस्सल कोणतें ?

ओरिओ नांवाचें बिस्किट हिंदुस्थानच्या बाजारांत इ. स. २०११ पासून मिळूं लागलें. दोन काळ्या चकत्या व मधें गोड पांढरा थर, ही त्याची रचना सर्वांस परिचित आहे. याच रचनेचें हायड्रॉक्स नांवाचें बिस्किट अमेरिकेंत आहे. तें ओरिओची नक्कल होय, असा समज तेथें पुष्कळ वर्षें रूढ आहे. तो कालक्रमास कितपत धरून आहे, तें पाहूं.

जेकब व जोसेफ लूस हे बंधु आणि जॉन वाइल्स यांनीं १९०२ सालीं कॅन्सस शहरीं लूस-वाइल्स कंपनी स्थापिली. तिनें १९०८ सालीं हायड्रॉक्स विक्रीस काढिलें. हायड्रोजन व ऑक्सिजन या पाण्याच्या घटकद्रव्यांच्या नांवांवरून, शुद्धतेचें द्योतक म्हणून, हें नांव योजिलें होतें. ओरिओ मात्र नॅशनल बिस्किट कंपनीनें न्यूयॉर्कच्या चेल्सी भागांतील कारखान्यांत १९१२ सालीं तयार केलें. त्याच्याच बरोबर तिनें मदर गूस व व्हेरोनीज हीं दोन बिस्किटें काढिलीं. तीं टिकलीं नाहींत. तात्पर्य, हायड्रॉक्स चार वर्षांनीं वडील ठरतें.

मग वडिलासच नक्कल म्हणण्याची पाळी कां आली ? नॅशनल बिस्किट कंपनी १८९८ सालीं अनेक कंपन्यांच्या एकीकरणानें झाली होती. तिच्यापाशीं देशभर कारखाने होते. पूर्वीं बिस्किटें पिंपांतून सुटीं विकीत. या कंपनीनें यूनीडा नांवाचें बिस्किट दमट हवा न लागेल अशा मेणकागदी वेष्टनाच्या खोक्यांत भरून, प्रचंड जाहिरात करून खपविलें. तीच यंत्रणा ओरिओच्या पाठीशीं होती. शिवाय हायड्रॉक्स हें नांव खाद्यापेक्षां औषधाचें वाटतें, हेंहि ध्यानांत घ्यावें.

लूस-वाइल्स कंपनीनें १९४६ सालीं सनशाइन हें नांव घेतलें. १९९६ सालीं ती कीबलर कंपनीकडे गेली. १९९९ सालीं कीबलरनें कृति व नांव दोन्ही बदलून हायड्रॉक्सचें ‘ड्रॉक्सीज’ केलें; २००३ सालीं तेंहि बंद पडलें. चाहत्यांच्या आग्रहावरून शतसंवत्सरी निमित्त २००८ सालीं मूळ हायड्रॉक्स थोडे दिवस निघालें, व २०१५ सालीं लीफ ब्रँड्स या कंपनीनें तें पुन्हां सुरू केलें.

हायड्रॉक्स आधीं निघालें, एवढ्यावरून ओरिओ नक्कल ठरत नाहीं. हायड्रॉक्स मात्र ओरिओची नक्कल नव्हे, हें निर्विवाद आहे. रूढ समजापेक्षां तारीख बलवत्तर, हा नियम बखरींस लागतो तसाच बिस्किटांसहि लागतो.