कैखुश्रू सोराबजी: मुंबईच्या इंजिनिअरचा इंग्लंडमधला मुलगा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचा हा मजकूर.

आजचा माणूस इंग्लंडचा संगीतकार, पण आडनाव सोराबजी. आमच्या माजिवड्याहून टेंभी नाक्याला गेलात तर जवळच पारशी अग्यारी आहे. हे आडनाव त्याच समाजातलं.

१४ ऑगस्ट १८९२ ला लंडनजवळच्या चिंगफर्डमध्ये त्याचा जन्म झाला. नाव ठेवलं लिऑन डडली. वडील शापुरजी सोराबजी हे मुंबईत जन्मलेले पारशी सिव्हिल इंजिनिअर. आई मॅडेलिन वर्दी इंग्लिश. तिला गाणं आणि पियानो दोन्ही यायचं, आणि लहानपणी पोराला पियानो तिनेच शिकवला. वडील बहुतेक काळ घरापासून लांबच.

हा कुठल्याही म्युझिक कॉलेजात गेला नाही. खासगी शिक्षकांकडे शिकला, नवीन युरोपियन संगीताची पुस्तकं आणून स्वतःच वाचत बसला. संगीत लिहायला लागला तेव्हा विशी ओलांडली होती. म्हणजे हा काही बालकलाकार नव्हे.

मग १९१४ मध्ये वडिलांनी कुटुंबासाठी ट्रस्ट फंड केला. माझ्या मते खरी गोष्ट इथे सुरू होते. आपल्याकडे आधी इंजिनिअरिंग, मग नोकरी, आणि आवड शनिवार-रविवारी. मीही त्याच रांगेतला. इथे मात्र इंजिनिअर बापाच्या पैशामुळे मुलाला पोटासाठी काम करावं लागलं नाही. कोणाला आवडेल, किती विकेल, हा विचारच नाही. १९३० मध्ये त्याने 'ओपस क्लाव्हिचेंबालिस्टिकम' लिहिलं: एकट्या पियानोसाठी, साधारण चार तासांचं! त्याच वर्षी १ डिसेंबरला ग्लासगोमध्ये ते स्वतः वाजवलं. पुढे तर कित्येक वर्षं आपलं संगीत जाहीरपणे वाजवायला तो इतरांना अडवत राहिला. ही चैन परवडायला मागे पैसा लागतो.

आता नावाचं बघा. तरुणपणी त्याने लिऑन डडली टाकून कैखुश्रू शापुरजी घेतलं. इंग्लिश म्हटलेलं त्याला खपायचं नाही. आई स्पॅनिश-सिसिलियन वंशाची, असंही तो सांगायचा. पुढे संशोधकांनी कागद तपासले तेव्हा ती इंग्लिशच निघाली. १९३२ मध्ये वडील गेले, आणि त्यांनी तिकडे आणखी एक लग्न केल्याचं बाहेर आलं.

म्हणजे संगीत दिलं जवळ असलेल्या आईने, आणि मुलाने मिरवलं ते लांब राहिलेल्या बापाचं नाव. मला यात नुसता कृतघ्नपणा दिसत नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये सावळ्या रंगाच्या पोराला 'तू आमच्यातला नाहीस' हे रोज कळत असणार. मग त्याने तोच वेगळेपणा स्वतःची ओळख म्हणून उचलला, असं मला वाटतं.

ऐकायचं असेल तर चार तासांवर थेट उडी नको. १९२३ चं 'ल जार्दँ पार्फ्युमे' आधी लावा, वीसेक मिनिटांचं आहे. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये आरामात संपतं. कसं वाटलं ते कळवा. भेटू पुढच्या एपिसोडला!